पाटावरचा सूर

वासूबाबांना घाई करणारा माणूस आवडत नसे, आणि मी जन्माचा घाईगडबडीचा. तरी आमची दोस्ती जमली ती कशी, हे मला आजही नीटसं सांगता यायचं नाही. मी पार्से गावच्या शाळेत मास्तर. ते वास्कोच्या बंदरात तीस-बत्तीस वर्षं क्रेनची वीजकामं करून निवृत्त झालेले आणि गावी येऊन पडवीत वायरींचा संसार मांडून बसलेले. पडवीला एक मोठं जनेल, म्हणजे खिडकी, होतं. सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन आला की त्या जनेलातूनच दोन उंडे आत घ्यायचे, चहात बुडवून खायचे, आणि हात धुऊन, पंच्याला पुसून कामाला लागायचे. ओल्या हाताने वायरीला शिवणाऱ्या माणसाला ते दारातूनच परत पाठवत.

काम म्हणजे आवाजाची यंत्रं. गावातल्या भजनाचे अॅम्प्लिफायर, दशावतारी नाटकाचे माइक, शाळेचा लाउडस्पीकर, सगळं त्यांच्याकडेच यायचं. पण जिवाचं काम वेगळं होतं, आणि ते त्या पाटावर चालायचं.

पाट म्हणजे खरोखरचा पाट, फणसाच्या लाकडाचा, पूर्वी जेवायला बसायचा. त्यावर त्यांनी एक हातभर लांबीची पाटी स्क्रूने घट्ट बसवली होती. पाटीच्या मधोमध बारीक भोकांची पांढरी जाळी. तिच्यात पार्ट नुसते खोचायचे, सोल्डर करायचे नाहीत. कडेने वीज देणाऱ्या खुंट्या, फिरवायची बटणं, वायर घालायची भोकं आणि डोळा मिचकावणारे चार दिवे. नवं यंत्र कायमचं जोडण्याआधी इथे मांडायचं, वाजवून बघायचं, पटलं नाही तर उपटून पुन्हा मांडायचं. इंजिनीअर लोक तिला डेव्हलपमेंट बोर्ड म्हणतात. वासूबाब तिला पाट म्हणत.

ही पाटी त्यांना केरीच्या हान्नाने दिलेली. हान्ना जर्मनीची, दर थंडीत केरीला घर भाड्याने घेऊन राहायची आणि कपाटाएवढं एक वाद्य घेऊन यायची. त्या वाद्याला पट्ट्या नाहीत, तारा नाहीत, नुसते डबे. एक डबा फक्त सूर काढतो, दुसरा त्या सुराची धार घासून मऊ करतो, तिसरा त्याला तार छेडल्यासारखा उठवतो आणि विझवतो. डब्याडब्यांची सोयरीक वायरींनी जुळवायची, आणि रोज मोडून नवी जुळवायची. समुद्राच्या खाऱ्या हवेने त्यातले दोन डबे मेले, तेव्हा कोणीतरी तिला वासूबाबांचं नाव सांगितलं. हे तिथे गेले, डबा उघडला आणि दुपारपर्यंत त्याच्याकडे बघत बसले. हान्नाला वाटलं म्हाताऱ्याला काही कळत नाही. दुपारी त्यांनी पेन्सिल मागितली आणि आतलं सगळं जोडकाम कागदावर काढून, जिथे बिघाड होता तिथे एक फुली मारली. ती बाई उडालीच. पुढच्या वर्षी येताना तिने ही पाटी आणली. त्यानंतर दोघं तासन् तास बोलत बसायची. तिला कोकणी येत नव्हती आणि यांची इंग्रजी क्रेनपुरती, पण कागद नि पेन्सिल असली की त्यांचं काही अडत नसे.

वासूबाबांचा नियम एकच होता. पाटावर मांडलेलं यंत्र कमीत कमी एक महिना तिथेच बसलं पाहिजे. सकाळच्या गारव्यात, दुपारच्या उकाड्यात, फ्रीज सुरू होताना वीज दचकते तेव्हा, गावाचे दिवे मंद होतात तेव्हा. सगळ्या अवस्थांत ते कसं वागतं ते बघायचं आणि मगच सोल्डरिंग आयर्न तापवायचं. "पाटार बसूं दी," म्हणायचे. हेच वाक्य माणसांनाही लागू. कोणी पुतणीसाठी स्थळ सुचवलं, "पाटार बसूं दी." कोणी जमीन विकायचा विचार सांगितला, "पाटार बसूं दी."

या नियमापायी त्यांनी माझं एकदा हसं केलं. पंधरा ऑगस्टला शाळेचा लाउडस्पीकर हवा होता आणि तो आठ दिवस आधी बिघडला. वासूबाबांनी दुसऱ्या दिवशी तो दुरुस्त केला, मी माझ्या कानांनी वाजताना ऐकला, पण पाटावरून उतरवून देईनात. "आठ दिसांनी कसो वागता तो पळोवया," म्हणाले. मी हातापाया पडलो. हेडमास्तरांनी चिठ्ठी धाडली. काही उपयोग नाही. शेवटी झेंडावंदनाला मी घसा फोडून भाषण केलं आणि मागच्या रांगेतल्या पालकांना एक अक्षर ऐकू गेलं नाही. मी तरातरा भांडायला गेलो तर ते शांतपणे म्हणाले, "आदल्या दिसा सांजेक बंद पडलो मास्तर. तुमच्या भाषणाच्या मधींच पडलो आसतो." वर म्हणाले, भाषण तसं बरं झालं, घरापर्यंत ऐकू आलं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मला गाण्याचा कान आहे अशी माझी पहिल्यापासून समजूत. आमच्या वाड्याच्या भजनात मी पुढे बसतो. वासूबाब मात्र स्वतःबद्दल साफ सांगायचे, "माका कान ना, मास्तर. माका मीटर आसा. कान दादाक आसा. घरात एक पुरो."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ आत्माराम. हे दोघे भाऊ आणि दादांची बायको, आमची वयनी, एवढंच ते घर. वासूबाबांनी लग्न केलं नव्हतं. दादा शेती बघायचे आणि देवळात तंबोरा धरायचे. आमच्या गावचा सप्ताह नावालाच सात दिवसांचा, खरा चोवीस तासांचा. श्रावणात एका सकाळी समई लागली की दुसऱ्या सकाळपर्यंत भजन थांबत नाही. वाड्यावाड्याच्या पाळ्या लागतात, गाणारे बदलतात, पेट्या बदलतात, पण तंबोऱ्याचा सूर तोच राहिला पाहिजे. तो तुटता कामा नये आणि हलताही कामा नये. चाळीस वर्षं तो सूर दादांनी राखला. डाव्या बाजूच्या खांबापाशी भिंतीला टेकून बसायचे. पेज प्यायला उठले तर तेवढ्यापुरतं कोणीतरी तारा छेडायचं, पण खुंटीला हात लावायची कोणाची छाती नव्हती. सगळी पोरं तबल्या-पेटीकडे धावायची. तंबोरेवाल्याकडे कोण बघतो?

एका मार्गशीर्षात दादांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि वाचा, दोन्ही गेली. दादा बाकावर पडून राहू लागले. दुखण्याची त्यांनी तक्रार केली नाही, करायला वाचाच नव्हती. पण खोळीत घालून खुंटीला टांगलेल्या तंबोऱ्याकडे बघायचे, मग डावा हात कॅलेंडरकडे न्यायचे. एक दिवस वयनी मला अंगणात गाठून म्हणाली, "मास्तर, सप्त्याक ह्यांची जागा रिकामी रवली तर हे जगूचे नाय. माका दिसता तां." ती रडली नाही. सांगून आत गेली.

जागा रिकामी राहू नये म्हणून गावानेही प्रयत्न केले. एका एकादशीला कोणी फोनवरचा तंबोरा माइकपाशी ठेवला. छान वाजत होता. मधेच त्या फोनला मासे विकणाऱ्या बाईचा फोन आला, बंद करायला गेलेल्या बोटाने तो उचलला गेला आणि "बांगडे आयल्यात, दवरूं?" म्हणजे ठेवू का, हा प्रश्न देवळाच्या चारही कर्ण्यांतून गावभर गेला. भटजींपासून सगळे हसले. वासूबाब तेवढे हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी पाट रिकामा केला.

मी म्हटलं, बाजारात तयार डबे मिळतात की. त्यांनी एक आणून ऐकलाही होता. त्यांच्या मते त्यातले चारही सूर एकाच साच्यातले होते, आणि दादांच्या तंबोऱ्यातली दुसरी तार जराशी करकरायची, ती त्यांना हवी होती. दादांचा तंबोरा खोळीतून काढून ते एकेक तार छेडत आणि मीटरच्या पडद्यावर तिची लाट बघत बसत. पाटावर सूर काढणाऱ्या चार जोडण्या उभ्या राहिल्या, मग धार मऊ करणारी, मग छेडणारी. हान्नाकडून पत्रं येत, कागदावर चित्रं काढलेली. वैशाख संपता संपता पाटावरून तंबोरा बोलायला लागला. मी डोळे मिटून ऐकला आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला.

वासूबाबांनी पाट उचलून दादांच्या बाकापाशी नेला. चेहऱ्यावर एवढा आनंद मी त्यांच्या कधी पाहिला नव्हता. "दादा, तुजो सूर. आता तुटचो ना," म्हणाले आणि बटण दाबलं. दादांनी थोडा वेळ ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

वासूबाबांना वाटलं, सूर चांगला उतरला नाही. जोडणी उपटली, नवी मांडली, परत दाखवली. दादांनी परत तोंड फिरवलं. असं तीनदा झालं. वयनीच्या लक्षात आलं होतं, माझ्याही आलं होतं, की दादांचं भांडण सुराशी नाही. धाकट्या भावाने त्यांच्या जागी बसायला एक डबा तयार केला होता, आणि तो कसा झालाय हे त्यांनाच विचारत होता. पण हे वासूबाबांना तोंडावर सांगायचं कोणी? मी सांगितलं नाही. माझी ती चूकच झाली.

या खटाटोपात दिवस संपले. शेवटची जोडणी पाटावर बसून चार दिवससुद्धा झाले नव्हते आणि सप्ताह उद्यावर आला. त्या दुपारी वासूबाबांनी जन्मात पहिल्यांदा नियम मोडला. आयर्न तापवलं, सगळं सोल्डर केलं, लाकडी पेटीत बसवलं, पुढे एक सूर लावायचं बटण ठेवलं. मी जवळच होतो. म्हटलं, "पाटार बसूं दी ना?" त्यांनी पेटीचा शेवटचा स्क्रू आवळला.

सकाळी समई लागली. खांबापाशी दादांच्या जागेवर यंत्र ठेवलं, वर हॅलोजनचा दिवा. सूर काळी एकला अगदी बिनचूक. वाड्यांच्या पाळ्या सुरू झाल्या. दुपारची पाळी आमच्या वाड्याची. आमची जुनी रीत अशी की आम्ही पेटी घेत नाही, नुसते टाळ आणि तंबोरा. मी पुढे बसलो होतो आणि त्या दिवशी आवाज असा लागला होता की काय विचारता. वरच्या जागा जरा जड जात होत्या, पण म्हटलं वय झालं.

आमच्यानंतरच्या वाड्याचा पेटीवाला बसला आणि पहिलीच पट्टी दाबून दचकला. सुराशी पेटी जुळेना. त्याने भाता झाडला, सूर तपासले, पेटीला दमट हवा बाधली म्हणून हळहळला. दुसरी पेटी आणली, तीही जुळेना. सगळ्यांनी पावसाळी हवेला दोष दिला. मी तर त्या पेटीवाल्याला पेटी कशी जपावी यावर व्याख्यान दिलं. भजन तुटू नये म्हणून लोक पेटीविनाच गात राहिले.

इतक्यात वयनी देवळाच्या पायऱ्या चढून आली. धापा टाकत होती. घरी कर्ण्यातून सगळं ऐकू जायचं. "भावजी, बेगीन येवा," ती वासूबाबांना म्हणाली. "हे हात आपटतत बाकार. वर दाखयतत. सारके वर दाखयतत."

वासूबाबांनी खिशातून मीटर काढून यंत्राला लावला. आकडा बघितला आणि मीटर माझ्यापुढे धरला. दिवसाच्या उकाड्याने आणि त्या दिव्याच्या धगीने यंत्राचा सूर कणाकणाने वर चढला होता, जवळजवळ एक पट्टी. आणि त्याच्यामागून सगळं गाव, विशेषतः आमचा वाडा, आणि आमच्या वाड्यात सर्वांत पुढे मी, गात गात वर चढलो होतो. एवढ्या माणसांत फक्त एकाला कळलं होतं, आणि तो घरी पडून होता. बाजारचा डबा असता तर असं झालं नसतं, हेही खरं.

दुसरा कोणी असता तर बटण फिरवून मोकळा झाला असता. कोणाला कळलंही नसतं. मीटर हातातच होता की. वासूबाबांनी मीटर खिशात टाकला आणि मला म्हणाले, "चलात मास्तर, दादाक हाडूंया." आम्ही रिक्षा घेऊन घरी गेलो. दादांना बाकावरून उचलून रिक्षात घातलं, देवळाच्या पायऱ्या तसंच उचलून चढवलं, आणि खांबापाशी भिंतीला टेकवून बसवलं. भजन चालूच होतं. वासूबाबांनी दादांचा डावा हात उचलून त्या बटणावर ठेवला.

दादांनी डोळे मिटले. सूर एकदम खाली ओढला असता तर गाणारे भेलकांडले असते. त्यांनी तसं केलं नाही. एक अख्खा अभंग होईपर्यंत, केसाकेसाने, त्यांनी तो सूर खाली आणला, आणि त्याच्याबरोबर सगळे गाणारेही खाली आले. कोणाला धक्का लागला नाही. अभंग संपला तेव्हा पेटीवाल्याने भीतभीत पट्टी दाबली. जुळली.

मग टाळ जरा मंदावले तेव्हा वासूबाब उभे राहिले. चारचौघांत बोलायला त्यांना मरणाचं जड जायचं. "पेटयो बऱ्यो आसात," म्हणाले. "चूक माझी. हांवें ताका पाटार बसूंक दिलें ना." एवढं बोलून बसले, आणि दादांना पेज भरवायला लागले. दादा दुसऱ्या सकाळपर्यंत तिथून हलले नाहीत. समई शांत झाल्यावर घरी न्यायला गेलो, तर त्यांनी डाव्या हाताने माझा खांदा धरला आणि हसले. तो वाकडा हसरा चेहरा बघून मला रडू आवरेना.

दोन दिवसांनी पडवीत गेलो तर वासूबाबांनी ते यंत्र पूर्ण उसवलं होतं. एकेक पार्ट काढून पुन्हा पाटावर मांडला होता. पुढच्या श्रावणात देवळात पाटच गेला, आणि पाटामागे दादा. त्याच्या पुढच्याही. ऊन चढलं की सूर चढायचा, दादांचा हात तो जागेवर आणायचा. सांजेला गारवा आला की उतरायचा, हात वर घ्यायचा. पहिला धरून असे चार सप्ताह दादांनी काढले. डॉक्टरांनी त्यांना दिलेल्या मुदतीपेक्षा हे बरेच जास्त होतं. पाचव्या श्रावणाच्या आधी, ज्येष्ठात, ते गेले.

त्यानंतर काही दिवसांनी वासूबाबांकडे बसलो होतो. घरातला फ्यूज उडाला म्हणून त्यांनी मला टेबलाच्या खणातून वायर काढायला सांगितली. खणात एक जर्मन तिकिटाचं पाकीट सापडलं. आत कागदात गुंडाळलेला तांदळाएवढा एक पार्ट, आणि हान्नाचं चित्र. चित्रात सूर काढणारी जोडणी, एका जागी बाण, शेजारी सूर्य काढून त्याच्यावर काट. एवढं मलाही कळलं. उकाड्याने सूर हलू नये म्हणून तो पार्ट होता. पाकिटावर वासूबाबांच्या अक्षरात तो कधी पोचला ते लिहिलेलं. पहिल्या सप्ताहानंतरच्या थंडीतला महिना.

म्हणजे जवळजवळ चार वर्षं. पाच मिनिटांचं काम, आणि हा हट्टी माणूस चार वर्षं ते खणात ठेवून बसला होता. मी पाकीट त्यांच्यापुढे धरलं. "हा घातला का नाही?"

"तो घातलो जाल्यार दादान देवळात कित्याक येवचें?" म्हणाले. पेचकस शोधण्यात मग्न होते, वर बघितलं नाही.

घाईचा स्वभाव, म्हणून विचारायचं नाही तेच विचारलं. "मग आता घाला. आता तर दादा नाहीत."

त्यांनी फ्यूज बसवला. दिवा लागला. पंच्याला हात पुसत म्हणाले, "आता घातलो जाल्यार हांवें खंय बसचें?"

त्या वर्षीच्या श्रावणानंतर मी निवृत्त होऊन डिचोलीला मुलाकडे राहायला आलो, आणि वासूबाबांची न् माझी गाठ पडली नाही. दिवाळीच्या सुमारास ते गेल्याचा वयनीचा निरोप आला. म्हणजे त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच श्रावणातल्या सप्ताहात, आमच्या वाड्याच्या पाळीला. खांबापाशी भिंतीला टेकून बसले होते. पुढे पाट, चार दिवे मिचकावणारे. मीटर कुठे दिसत नव्हता. ज्या माणसाने जन्मभर कान नाही म्हणून सांगितलं, तो डोळे मिटून ऐकत होता. उजवा हात धडधाकट असून तो मांडीवर पडलेला, आणि बटणावर डावा, दादांसारखा. बाहेर ऊन चढलं होतं. मी गात होतो. मधेच त्यांची बोटं किंचित हलली, केसभर. मी सुरातच आहे असं मला वाटत होतं.